पडद्यावरचा आकडा आणि फळीवरचं माप

तत्त्वज्ञानाचा मास्तर यंत्रांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. निमित्त असं घडलं. ओळखीच्या एका सुतारानं कर्ज काढून सीएनसी राउटर घेतला. एका सागवानी दारावर कोरता कोरता नक्षी मध्येच तीन मिलिमीटर सरकली. पडद्यावरचे आकडे बिनचूक, दार मात्र वाया. तो म्हणाला, "सर, मशीन खोटं बोलतंय."

यंत्राचा शब्द कधी मानायचा, हा प्रश्न जुना आहे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी स्क्रू कापण्याचा लेथ बनवला. हत्याराची चाल हाताऐवजी स्क्रूच्या आट्यांवर सोपवली गेली. पण स्क्रू तरी बरोबर कशावरून? त्यासाठी त्यांनी बाकावर ठेवायचा मायक्रोमीटर केला. मापाचा वाद त्याच्यापुढे मिटायचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'लॉर्ड चान्सेलर'. म्हणजे चालवणारा एक आणि निवाडा करणारा दुसरा.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं छिद्रं पाडलेल्या फितीवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं. मूळ कल्पना हेलिकॉप्टरची पाती करणाऱ्या जॉन पार्सन्स यांची. त्या यंत्रात अक्ष खरोखर कुठे पोचला याची खबर परत येत होती. हुकूम आणि वस्तुस्थिती यांचा ताळा सतत पडत होता.

आजच्या बऱ्याचशा स्वस्त राउटरमध्ये ही परतीची खबरच नसते. त्यांची स्टेपर मोटर सहसा २०० पावलांत एक फेरी करते. एका पावलाचे आठ भाग केले तर १६०० झाले. स्क्रू फेरीला ५ मिलिमीटर सरकत असेल, तर मिलिमीटरला ३२० पल्स. पडद्यावरचा आकडा या पाठवलेल्या पल्सचा हिशेब असतो. मोटर अडली, तरी हिशेब पुढे जातोच. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर पडदा हे शब्दप्रमाण. प्रत्यक्ष हवं असेल, तर डायल गेज लावा, पट्टी लावा.

आणि मग चुकीचं लक्षण बघा. ३०० मिलिमीटरला एक कमी, ६०० ला दोन कमी, म्हणजे अंतराबरोबर चूक वाढते: मिलिमीटरमागचे पल्स चुकीचे भरलेत. दिशा उलटली की दर वेळी तेवढीच कमी भरते: नट-स्क्रूमध्ये ढिलाई आहे. काम संपल्यावर अक्ष शून्यावर परत येतच नाही: पावलं चुकली, नाहीतर काहीतरी घसरलं. वेग जास्त, हत्यार बोथट, भुसा अडकलेला, अशी कारणं असतात.

आमच्या सुतारानं आधी सेटिंग बदलून पाहिलं होतं. साहजिक आहे, पण लक्षण तिसरं होतं. आम्ही मोटरचा दांडा आणि कपलिंग यांवर पेनानं एक सरळ रेघ मारली. तासाभरानं रेघ जुळेना! कपलिंगचा बारीक स्क्रू सैल होता. तो आवळला, सेटिंग पूर्ववत केलं, नि काम सुरू झालं.

ते दार अजून दुकानात उभं आहे. नवीन जॉब लावला की तो आता आधी एक टाकाऊ फळी कापतो, आणि पट्टी लावून बघतो.

बरं, प्रश्न असतील तर विचारा.