विवाहातील विश्वासघात आणि क्षमा : उपचारपद्धतींचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
क्षमा ही संकल्पना दीर्घकाळ धर्म व नीतिशास्त्राच्या कक्षेत राहिली. मानसोपचाराने तिची पद्धतशीर दखल विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घेतली. विवाहबाह्य संबंध उघड झाल्यावर हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण आधाराचे स्थानच आघाताचे स्थान ठरलेले असते. प्रस्तुत लेखात अमेरिका व कॅनडात विकसित झालेल्या प्रमुख उपचारपद्धतींचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाचा प्रारंभ :
विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट एनराइट यांनी १९८५ पासून क्षमेचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांनी क्षमेचे चार टप्पे मांडले : दडपलेला राग ओळखणे, क्षमेचा निर्णय, त्यासाठीचा प्रयत्न आणि दुःखातून अर्थाचा शोध. क्षमा म्हणजे विसरणे, समर्थन किंवा समेट नव्हे, हा भेद त्यांनी ठामपणे मांडला.

दांपत्य-उपचारातील प्रतिमान :
क्रिस्टिना गॉर्डन व डोनाल्ड बॉकम यांनी १९९८ मध्ये वैवाहिक विश्वासघाताच्या संदर्भात तीन टप्प्यांचे प्रतिमान मांडले. पुढे डग्लस स्नायडर यांच्यासह त्याचे उपचारपद्धतीत रूपांतर होऊन २००४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात आघात सावरणे, भांडणांना मर्यादा घालणे व दैनंदिन व्यवहार स्थिर करणे यांवर भर असतो. क्षमेची घाई केली जात नाही. दुसऱ्या टप्प्यात घटनेची कारणे शोधली जातात; मात्र कारणमीमांसेमुळे कृत्याची जबाबदारी कमी होत नाही. तिसऱ्या टप्प्यात एकत्र राहावे की विभक्त व्हावे, याचा निर्णय होतो. क्षमा दोन्ही पर्यायांत शक्य मानली आहे.

कॅनडात सू जॉन्सन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'आसक्तिबंधावरील जखम' ही संकल्पना मांडली. येथे दुखावलेल्याची वेदना जोडीदाराने ऐकून घेणे व मनापासून पश्चात्ताप व्यक्त करणे हा उपचाराचा गाभा आहे.

भारतीय संदर्भ :
हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३ नुसार, व्यभिचार माफ केलेला असल्यास त्या कारणावरून घटस्फोट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ रद्द केल्यानंतरही व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण राहिले आहे. म्हणजेच कायद्यातील माफी एक मार्ग बंद करते, तर उपचारातील क्षमा कोणताही मार्ग बंद करत नाही. 'संसार टिकव' या कौटुंबिक दबावाखाली स्त्रीकडून वदवून घेतलेली माफी या दोहोंहून वेगळी असते. समुपदेशकाने हा फरक न जाणल्यास उपचार हे त्या दबावाचेच साधन बनू शकते.

निष्कर्ष :
सद्गुण म्हणून उपदेशिली जाणारी क्षमा या काळात टप्प्याटप्प्याने घडणारी प्रक्रिया मानली जाऊ लागली. क्षमा आणि समेट यांची फारकत ही या इतिहासाची सर्वांत महत्त्वाची देणगी होय. नकाराचे स्वातंत्र्य असेल, तरच क्षमेला अर्थ उरतो.