जुळे आणि जुळणी

‘डिजिटल ट्विन’ला मराठीत काय म्हणावे? ‘आभासी प्रतिरूप’ भारदस्त वाटते, तरी मी ‘डिजिटल जुळे’च म्हणेन. इंग्रजी ‘ट्विन’च्या मुळाशी ‘दोन’ हा आकडा आहे. आपला जुना शब्द ‘जावळे’. तो संस्कृत ‘यमल’पासून प्राकृत ‘जमल’च्या वाटेने आला. ‘जुळे’ मात्र ‘जुळणे’च्या घरातले. हिशेब जुळतो, सूर जुळतात, पत्रिका जुळते, छापखान्यात अक्षरजुळणी होते. नुसते दोन असून भागत नाही, मेळ बसावा लागतो. या तंत्राचा जीव त्या मेळातच आहे.

मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ साली मिशिगन विद्यापीठात ही कल्पना मांडली: खरी वस्तू, तिचे संगणकातले रूप आणि दोघांमधली माहितीची ये-जा. तिला आधी नाव मिळाले ते आरशाचे, ‘मिरर्ड स्पेसेस’. ‘ट्विन’ हे नाव नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रूढ झाले. ते बरेच झाले, कारण आरशाला कालचे काही आठवत नाही.

आता नळदुर्गचा किल्ला घ्या. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर दगडी बंधारा उभा राहिला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, आतला माणूस कोरडा राहतो. या बंधाऱ्याचे डिजिटल जुळे करायचे ठरवले, तर ड्रोनची छायाचित्रे आणि लेझर मोजणी यांवरून आकार मिळेल. ती झाली प्रतिकृती. खरे काम त्यानंतरचे. चारशे वर्षांच्या चुन्याची ताकद किती, हे नकाशावर लिहिलेले नसते. सुरुवातीला अंदाजच धरावा लागतो. मग पाणीपातळी, झिरप आणि दगडांच्या सांध्यांची हालचाल मोजणारी उपकरणे बसवायची. अमुक पातळीला इतकी झिरप होईल, असे गणित सांगते; उपकरण वेगळाच आकडा देते. तो फरक मिटेपर्यंत अंदाज सुधारत राहायचे. पुढे गाळ साचतो, साठवण घटते आणि जुळलेले पुन्हा सुटते. म्हणून ही जुळणी एकदा करून संपत नाही, दर पावसाळ्याला करावी लागते. सुंदर त्रिमिती चित्र दाखवून त्याला ‘ट्विन’ म्हणणे मला म्हणूनच खटकते.

२०१८ साली संशोधक क्रिट्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तूच्या अशा संगणकी रूपांच्या तीन पायऱ्या केल्या. माहिती हाताने भरावी लागते ते ‘मॉडेल’, म्हणजे आपला नमुना. वस्तूकडून ती आपोआप येते, पण परत काही जात नाही, ती ‘शॅडो’, सावली. दोन्हीकडून आपोआप ये-जा असते, तेच जुळे. या कसोटीवर नळदुर्गला सावलीपर्यंतच जाता येईल. तिथे पाणी सांडव्यावरून आपसूक जाते, संगणकाने हलवावे असे दार नाही. याउलट लोहारा तालुक्यात माकणीला असलेल्या निम्न तेरणा धरणाला दरवाजे आहेत. वरच्या भागातल्या पावसाचे आकडे येताच येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, किती आणि केव्हा पोहोचेल याचे गणित मांडायचे, दरवाजे किती उघडायचे ते ठरवायचे, ते उघडल्यावर बदललेली पातळी पुन्हा गणितात घ्यायची, असे चक्र तिथे पुरे होऊ शकते. मात्र खाली नदीकाठी गावे आहेत, म्हणून दरवाजा उघडण्याचा शेवटचा हुकूम अभियंत्याच्याच हाती असावा, मग पंडितांनी त्या यंत्रणेला जुळे न म्हणता सावली म्हटले तरी चालेल.