चंद्रपूरचा निकाल आणि शिक्षेचे माप

१८६० च्या भारतीय दंड संहितेने बलात्काराच्या गुन्ह्यासाठी कमाल शिक्षा स्पष्ट सांगितली होती. किमान शिक्षेविषयी मात्र तिने काहीच म्हटले नव्हते, आणि ही स्थिती १९८३ पर्यंत कायम राहिली. परिणामी एकाच कलमाखाली दोषी ठरलेल्या दोन आरोपींपैकी एकाला जन्मठेप आणि दुसऱ्याला काही महिन्यांची कैद होणे कायद्याच्या चौकटीत बसत असे. शिक्षेचा आकडा कलमापेक्षा न्यायासनाच्या मनातील पीडितेच्या प्रतिमेवर किती अवलंबून होता, हे पाहायचे असेल तर विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्याकडे वळावे लागते, कारण या विषयावरील भारतीय कायद्याचे सर्वांत मोठे वळण तेथील एका खटल्यातून आले.

देसाईगंज हे गाव, ज्याला वडसा असेही म्हणतात, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. परंतु १९८२ मध्ये तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात भावाच्या फिर्यादीवरून जबाबासाठी बोलावलेल्या एका आईवडील नसलेल्या आदिवासी मजूर मुलीला, इतरांना बाहेर जाण्यास सांगून, आत थांबवून घेण्यात आले, आणि पुढे एका शिपायावर बलात्काराचा व एका हवालदारावर तिच्यावर हात टाकल्याचा आरोप ठेवला गेला. त्या मुलीचे नाव कायद्याच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र छापले गेले आहे. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम तिच्या खटल्यानंतर आले, त्याचे संरक्षण तिला मिळाले नाही. म्हणून निदान येथे तरी ते नाव लिहिलेले नाही.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने, म्हणजे जिल्ह्यातील गंभीर फौजदारी खटले चालवणाऱ्या न्यायालयाने, १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलिसांची निर्दोष मुक्तता केली. शरीरसंबंध झाला हे न्यायाधीशांनी मान्य केले होते. मात्र मुलगी खोटे बोलणारी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, अशा निष्कर्षांवरून त्यांनी संमती गृहीत धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे आणि स्वेच्छेने संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अनोळखी पोलिसांसमोर उभी असलेली मुलगी दुसरी गोष्ट करील हे संभवत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शिपायाला कलम ३७६ खाली पाच वर्षांची, आणि हवालदाराला विनयभंगाच्या कलम ३५४ खाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती, अशी त्या निकालातील तर्काची साखळी होती. पुरावा तोच, घटना तीच, आणि चार वर्षांत तीन न्यायालयांचे निष्कर्ष असे मुक्तता, पाच वर्षे आणि पुन्हा मुक्तता या क्रमाने बदलत गेले.

या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. न्यायालयाच्या अंतिम शब्दाला विद्वानांनी इतक्या थेटपणे जाब विचारण्याचे धैर्य त्या काळी दुर्मीळ होते, आणि त्या पत्राचे मोल आजही कमी झालेले नाही. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, अनेक शहरांत मोर्चे निघाले, विधी आयोगाने त्याच वर्षी आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ताब्यातील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे पुरावा कायद्याचे नवे कलम ११४-अ सांगू लागले. त्याबरोबरच प्रथमच किमान शिक्षा आली: सर्वसाधारण गुन्ह्याला सात वर्षे, आणि पोलीस, लोकसेवक किंवा टोळीने केलेल्या गुन्ह्याला दहा वर्षे.

या सुधारणेला एक परंतुक, म्हणजे मूळ नियमाला मुरड घालणारी अट, जोडलेले होते. निकालपत्रात ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नमूद करून न्यायालयाला किमान मर्यादेखाली जाता येत असे, आणि पुढील तीस वर्षांचा शिक्षेचा इतिहास या वाक्यांशाभोवतीच फिरला. पीडितेच्या वर्तनाविषयीचा जो संशय पूर्वी दोषसिद्धीच्या टप्प्यावर काम करीत असे, तो आता शिक्षेच्या टप्प्यावर प्रकट होऊ लागला. १९८९ मध्ये हरियाणातील दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांवर आणली, आणि त्यासाठी खटल्यातील परिस्थितीच्या जोडीने मुलीच्या वर्तनाचा उल्लेख केला. संघटनांनी फेरविचाराची मागणी केल्यावर ‘वर्तन’ हा शब्द तक्रारीस झालेल्या विलंबापुरता होता, असा खुलासा झाला, पण शिक्षा तशीच राहिली. कर्नाटकात एका लहान मुलीवरील बलात्कारात आरोपी अशिक्षित, दुर्बल घटकातील, व्यसनी आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेला आहे म्हणून उच्च न्यायालयाने दहा वर्षांची चार वर्षे केली. ती कारणे ‘विशेष’ ठरत नाहीत असे सांगून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षे पुन्हा बहाल केली. तरीही २०११ मध्ये पंजाबातील एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यात घटना जुनी झाली, उभयपक्षी तडजोड झाली आणि सर्वांची लग्ने झाली, या कारणांवरून त्याच न्यायालयाने सुमारे साडेतीन वर्षांची भोगलेली कैद पुरेशी मानली. तडजोड हे शिक्षा घटवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला स्वतंत्रपणे सांगावे लागले. मृणाल सतीश यांनी १९८४ ते २००९ या काळातील निकालांचा जो ग्रंथरूप अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही कौमार्य, विवाह आणि जखमांविषयीच्या रूढ समजुती शिक्षेच्या आकड्यावर परिणाम करीत होत्या, असेच दिसले.

२०१३ च्या दुरुस्तीने परंतुक काढून टाकले, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरूनच तिची संमती मानता येणार नाही, हे १९७८ च्या निकालाचे थेट उत्तर कलम ३७५ मध्ये लिहिले. २०१८ मध्ये सर्वसाधारण गुन्ह्याची किमान शिक्षा दहा वर्षे, आणि सोळा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत वीस वर्षे झाली. किमान शिक्षा जितकी जड, तितके न्यायाधीश दोषसिद्धीपाशीच अडखळतील, ही अनेक अभ्यासकांनी व्यक्त केलेली भीती गंभीरपणे घेण्यासारखी आहे, कारण वाव एका ठिकाणी बंद झाला की तो दुसरीकडे शोधला जातो, असेच आधीच्या तीस वर्षांत घडले होते.

हा वाव कलमाच्या निवडीतही सापडतो, याचे उदाहरण पुन्हा नागपूरचेच आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणासाठीच्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे ‘पोक्सो’नुसार, लैंगिक हल्ल्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. एका खटल्यात नागपूरच्या न्यायालयाने दिलेली ती शिक्षा जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने रद्द केली. कपड्यांवरून झालेला स्पर्श त्या व्याख्येत बसत नाही असे म्हणून त्याने ते कृत्य विनयभंगात बसवले आणि एक वर्षाची शिक्षा दिली. १९७६ मध्ये हवालदाराला त्याच कलमाखाली तेवढीच शिक्षा झाली होती, फरक इतकाच की तेव्हा त्या खंडपीठाने मुलीची बाजू उचलून धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा अर्थ फेटाळला, त्वचेच्या स्पर्शापेक्षा लैंगिक हेतू निर्णायक मानला, आणि तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली.