खांद्याआडचा मणका

मानेतली नस दबली की दंडातून कळ जाते, बोटं बधिर होतात. औषधांनी भागलं नाही तर कधी कधी मज्जारज्जूबाहेरच्या एपिड्युरल पोकळीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. मानेत ही पोकळी जेमतेम काही मिलिमीटरची, आणि तिच्या पलीकडे मज्जारज्जू. मग सुई नेमकी किती आत गेली, हे कळणार कसं?

एक्स-रे ही शेवटी सावली. सावलीत खोली हरवते. थ्रीडी ग्राफिक्सचा कोड लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हे पहिल्याच आठवड्यात कळतं. फरक एवढाच, की आमचा अंदाज चुकला तर स्क्रीनवरचं पात्र भिंतीतून आरपार जातं, बस.

राँटगेनला एक्स-रे सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढच्याच वर्षी एडिसनने हलतं चित्र दाखवणारा फ्लुओरोस्कोप बनवला. त्याच्या नळ्या स्वतःच्या हातांवर तपासणारा सहायक क्लॅरेन्स डॅली किरणांच्या जखमांनी १९०४ मध्ये गेला, आणि एडिसनने हे काम सोडून दिलं. चित्र इतकं अंधूक असे की डॉक्टर आधी लाल चष्मा लावून डोळे अंधाराला सरावून घेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर इमेज इंटेन्सिफायर आला आणि तो अंधार संपला. १९५५ मध्ये फिलिप्सने सी-आर्म आणला: इंग्रजी सी अक्षरासारखी कमान, एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला पडदा. पेशंट जागचा हलत नाही, कमान फिरते. आता कुठून बघायचं, हे डॉक्टरला ठरवता येऊ लागलं.

तरी बरीच वर्षं भरवसा होता बोटांवर. सुईने मणक्यांमधला पिवळा अस्थिबंध ओलांडला की सिरिंजवरचा दाब एकदम सैल पडतो. पण मानेत हा अस्थिबंध मध्यरेषेवर अनेकदा जुळलेलाच नसतो. म्हणजे बोटांना मिळणारी खूण तिथे फसवी.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. मागून सुई घालायची तर शक्यतो मानेचा सातवा आणि छातीचा पहिला मणका यांच्यामधून, कारण पोकळी तिथे जरा रुंद असते. गंमत बघा: बाजूने बघितलं की नेमक्या याच जागेवर खांद्यांची सावली पडते!

त्याच सुमारास जतिंदर गिल आणि सहकाऱ्यांनी तिरपा कोन पारखला. सुई ज्या बाजूला, तिच्या विरुद्ध बाजूकडे कमान सुमारे ५० अंश फिरवायची. मणक्याच्या कमानीचं पातळ हाड साधारण तितकंच तिरकं असतं. वहीचं पान कडेने धरलं की रेघ दिसते ना, तसं ते कडेने दिसतं. या कडांना जोडणारी रेषा म्हणजे पोकळीचा उंबरठा. सुईचं टोक तिच्या अलीकडे की पलीकडे, हे खांद्यांच्या आडकाठीशिवाय दिसतं. मला तरी हा शोध नव्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो. यंत्र तेच, फक्त उभं राहण्याची जागा बदलली.

दुसरी वाट बाजूच्या छिद्रातून, जिथून नस बाहेर पडते. तिथे पुढे मानेची मोठी धमनी, म्हणून तिरपा कोन लावून सुई छिद्राच्या मागच्या भिंतीलगत ठेवतात. पण तिथेही बारीक धमन्या असू शकतात, आणि त्या कुठल्याच कोनातून दिसत नाहीत. स्टेरॉइडचे कण त्यात शिरले तर पक्षाघात, मृत्यूसुद्धा. असे प्रसंग दुर्मीळ, पण अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये इशारा दिला तो यांच्यामुळेच. म्हणून या वाटेने कणविरहित औषध वापरावं आणि आधी डाय सोडून चित्र चालू असताना बघावं, असं त्या शिफारशी सांगतात. धमनीत गेलेला डाय क्षणात वाहून जातो; नंतर काढलेल्या फोटोत तो सापडत नाही.