मुलाच्या नजरेतून युद्ध : चित्रपट आणि इतिहास

दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत लढले गेले. त्यात सैनिकांपेक्षा सामान्य नागरिकच अधिक संख्येने मृत्युमुखी पडले. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली आणि त्यांत १५ लाखांच्या आसपास मुले होती. आपली मुले हे आकडे परीक्षेपुरते पाठ करतात. आकडा लक्षात राहतो, पण त्या आकड्यामागचे मूल त्यांना दिसत नाही.

ते मूल दाखविण्याचा प्रयत्न चित्रपटांनी केला आहे. परंतु जो चित्रपट आई-वडील आणि मुले एकत्र बसून पाहणार, त्यात कत्तल, छळछावणी आणि उपासमार दाखवायची कशी? अनेक दिग्दर्शकांनी यावर एक उपाय काढला. सारी कथा मुलाच्या नजरेतून सांगायची आणि मुलाला जेवढे दिसते व समजते तेवढेच पडद्यावर आणायचे. हा उपाय कोठे साधतो आणि कोठे फसतो, याचा विचार पालकांनी करावा म्हणून येथे तीन चित्रपटांची चर्चा केली आहे. त्यांतील पहिला एका शाळेविषयी आहे. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्याला थोडी अधिक जागा दिल्यास वाचक हरकत घेणार नाहीत.

जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. त्यानंतर तेथील ज्यूंची धरपकड सुरू झाली आणि या कामी फ्रेंच पोलिसांनीही हातभार लावला. पॅरिसच्या दक्षिणेस फाँतेनब्लोजवळ आव्हों या गावी कार्मेलाइट पंथाच्या धर्मगुरूंची एक निवासी शाळा होती. तिचे मुख्याध्यापक फादर झाक यांनी तीन ज्यू मुलांना नावे बदलून शाळेत ठेवून घेतले. सापडल्यास काय होईल याची त्यांना पूर्ण जाणीव होती. १५ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोचे लोक शाळेत आले आणि त्यांनी ती तिन्ही मुले व फादर झाक यांना पकडून नेले. मुलांना फेब्रुवारीच्या आरंभी आउशविट्झला पाठविण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. फादर झाक यांची रवानगी माउटहाउझेनच्या छावणीत झाली. मे १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा ते जिवंत होते, पण शरीर पार खचले होते. २ जून १९४५ रोजी लिंझ येथे त्यांचे निधन झाले.

त्या दिवशी शाळेत असलेल्या विद्यार्थ्यांत लुई माल नावाचा ११ वर्षांचा मुलगा होता. पुढे तो नामांकित दिग्दर्शक झाला, पण ही हकीकत पडद्यावर आणण्यास त्याला ४० वर्षांहून अधिक काळ लागला. १९८७ साली त्याचा 'ओ रव्हुआर ले झांफां' हा चित्रपट आला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. नावाचा अर्थ साधा आहे : मुलांनो, येतो मी. शिपाई घेऊन जात असताना मुख्याध्यापक आपल्या विद्यार्थ्यांचा असा निरोप घेतात.

या चित्रपटात कोणाचीही हत्या पडद्यावर दाखविलेली नाही. दिसते ती शाळाच : थंडीने गारठलेले वर्ग, मुलांच्या मारामाऱ्या, गणिताचा तास, घरून आलेल्या मुरंब्याची देवघेव. नवा आलेला मुलगा रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्त्या लावून हळूच प्रार्थना करतो, हे शेजारच्या पलंगावरचा मुलगा पाहतो. गेस्टापोचा अधिकारी वर्गात येतो तेव्हा भिंतीवरील युरोपच्या नकाशावर सैन्याची आघाडी दाखविणाऱ्या लहान निशाण्या तो उपटून टाकतो. एवढ्याशा कृतीने वर्गावर भय पसरते आणि प्रेक्षक बालकालाही ते कळते.

माल यांनी दोष वाटून देताना मुलांची फसवणूक केली नाही, ही त्यांची मोठी गोष्ट. उपाहारगृहातील एका प्रसंगी वृद्ध ज्यू गृहस्थाला बाहेर काढू पाहणारे लोक फ्रेंच आहेत आणि त्यांना हाकलून देणारा अधिकारी जर्मन आहे. स्वयंपाकघरातील गरीब पोऱ्याला काळ्याबाजाराबद्दल नोकरीवरून काढले जाते आणि त्याच व्यवहारातील श्रीमंतांची मुले सुटतात. पुढे तोच पोऱ्या सूडाने शत्रूला जाऊन मिळतो. त्याचे कृत्य क्षम्य नाही, पण अन्यायातून दुष्टपणा कसा जन्मतो हे मुलाला दिसते. दुसऱ्याच्या मुलांसाठी प्राण पणाला लावणारा शिक्षकही त्याला तेथेच भेटतो.

दुसरा चित्रपट जपानचा आहे. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा इसाओ ताकाहाता यांचा व्यंगचित्रपट १९८८ साली प्रदर्शित झाला. लेखक आकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर तो आधारलेला आहे. १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी कोबे शहरावर आगलावे बॉम्ब टाकले, त्या सुमारास नोसाकांची धाकटी बहीण उपासमारीने दगावली. ताकाहाता स्वतः ९ वर्षांचे असताना ओकायामावरील हवाई हल्ल्यातून वाचले होते. पडद्यावरील १४ वर्षांचा भाऊ आणि ४ वर्षांची बहीण आई गेल्यावर नातेवाइकांचे घर सोडतात आणि हळूहळू अन्नाविना झिजत जातात. चित्रे हाताने काढलेली आहेत, म्हणून हा चित्रपट चिमुकल्यांचा समजू नये. मोठ्यांनाही तो जड जातो.

येथे मुलाच्या नजरेची एक मर्यादा लक्षात येते. त्या मुलाचे वडील नौदलात अधिकारी आहेत आणि त्याला त्यांचा अभिमान आहे. जपानी सैन्याने डिसेंबर १९३७ मध्ये चीनच्या नानजिंग शहरात केलेला संहार त्याला ठाऊक नाही, म्हणून चित्रपटातही तो नाही. बहिणीचे मरण खरेच आहे आणि त्यासाठी आपले डोळे ओले व्हावेत हे योग्यच. तरीही युद्ध कोणी पेटविले आणि इतर देशांतील मुलांनी काय भोगले, हे चित्रपट संपल्यावर वडीलधाऱ्यांनीच सांगावयाचे असते.

तिसरे उदाहरण सावध करणारे आहे. जॉन बॉइन यांच्या २००६ मधील कादंबरीवरून २००८ साली 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' हा चित्रपट निघाला. छावणीच्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि कुंपणाच्या आतला ज्यू मुलगा यांची ही मैत्री. अनेक शाळांतून ही कथा इतिहास म्हणून शिकविली गेली. जानेवारी २०२० मध्ये आउशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने मात्र जाहीरपणे सांगितले की, या विषयाचा अभ्यास किंवा अध्यापन करणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी.

कारणे विचार करण्याजोगी आहेत. आउशविट्झला सुमारे २ लाख ३२ हजार मुले व किशोरवयीन आणली गेली आणि त्यांतील बहुतेक लहानांना उतरल्याबरोबर विषारी वायूने मारण्यात आले. कुंपणात विजेचा प्रवाह होता आणि त्यावर पहारा होता. तेथे रोज बसून गप्पा मारणे अशक्य होते. जर्मन मुलाचे अज्ञानही खरे वाटत नाही. १९३८ सालीच ज्यूद्वेष शिकविणारी रंगीत चित्रांची पुस्तके जर्मन मुलांच्या हाती पडत होती आणि १९३९ पासून १० वर्षांवरील मुलांना हिटलरच्या युवक संघटनेत जाणे कायद्याने सक्तीचे झाले. आणि शेवटी प्रेक्षकाचे अश्रू वाहतात ते अधिकाऱ्याच्या मुलासाठी. ज्यांचा खरोखर संहार झाला ती लाखो मुले पार्श्वभूमीला राहतात.

म्हणून चित्रपट सौम्य असण्यास हरकत नाही, पण तो खोटा नसावा. भीषण दृश्य टाळल्याने इतिहासाची हानी होत नाही. ते कोणी केले, कोणी मुकाट्याने पाहिले आणि कोणी नाकारले, हे झाकल्याने मात्र होते.

पालकहो, असा चित्रपट मुलांना एकटे सोडून दाखवू नका. शेजारी बसा आणि नंतर थोडे बोला. यातील खरे किती, या मुलाला न दिसलेले काय होते, आणि त्या जागी आपण असतो तर काय केले असते, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. युद्धातील मुलांचा हा इतिहास आपल्यापासून फार दूर नाही, हेही त्यांना सांगा. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५ हजार लोक, ज्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. घर हरवलेल्या मुलांना आपल्या मातीने आसरा दिला होता.

विद्यार्थी मित्रहो, फादर झाक यांच्याजवळ शस्त्र नव्हते. शाळेचे हजेरीपुस्तक होते, आणि त्यात त्यांनी तीन नावे वाढविली. त्या काळात तेवढे करण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ होते.