छडीची रिकामी जागा

गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरसारख्या गावात चुकांचा निवाडा करण्याच्या दोन रीती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, पण एकमेकींत मिसळल्या नाहीत. बांधावरून, पाण्यावरून किंवा गुरांनी धान खाल्ल्यावरून तंटा झाला, तर चार माणसांनी बसून दोन्ही बाजू ऐकायच्या, नुकसान भरून द्यायला लावायचे आणि ज्यांना उद्या एकमेकांच्या रोवणीला जायचे आहे त्यांचे बोलणे सुरू करून द्यायचे, ही पहिली रीत. दुसरी शाळेतली: चूक झाली, हात पुढे कर. मुलांच्या वर्तनाबाबत शिक्षेऐवजी भरपाई आणि संवाद असावा, असे आता जगभर बोलले जाते आणि आपल्याकडे ते परदेशी खूळ म्हणून झटकले जाते. माझे म्हणणे उलट आहे. या विचाराचा गाभा आपल्या गावाच्या ओळखीचा आहे; शाळेने मात्र तो कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

छडी इंग्रजांनी आणली, असे म्हणून सुटता येणार नाही. पंतोजींच्या शाळेतही अंगठे धरणे, कोंबडा करणे आणि छडी हे सारे होतेच. फरक होता तो उत्तरदायित्वाचा. पंतोजींचे पोट गावाने दिलेल्या धान्यावर आणि वर्गणीवर चाले. त्यांनी मर्यादा सोडली तर पालक मूल काढून घेत. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. तेव्हा गोंदियाचा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि १९९९ पर्यंत तिथेच राहिला. सरकारी शिक्षण खात्याच्या शाळा आल्या, त्यांनी शिक्षणाची दारे अनेकांना उघडली आणि हा उपकार लहान नाही. पण शिक्षक आता वरच्या तपासनिसाला बांधला गेला. तपासनीस विचारणार हजेरी आणि परीक्षा; दोन मुलांमधले भांडण कसे मिटले, हे विचारणारे कोणी उरले नाही. छडी तशीच राहिली, तिला आवरणारे गाव तेवढे दूर गेले.

हे बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न याच प्रांतात झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राममध्ये आर्यनायकम दांपत्याने गांधीजींच्या नई तालीमची शाळा चालवली. हाताने काम आणि कामातून शिक्षण, एवढीच तिची ओळख आपण लक्षात ठेवली. पण तिथे मुलांची आमसभा होती, सफाई आणि स्वयंपाक यांसारख्या कामांचे मंत्री मुलेच निवडत, आणि ज्याने काम घेतले त्याने सभेपुढे हिशोब द्यायचा असे. काम चुकले की बाकीच्यांचे जेवण रखडे. आपल्या चुकीने कोणाचे काय बिघडले, हे मुलाला समोर दिसे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर एका मुलाला रूळ मारला होता आणि त्याचा पश्चात्ताप आत्मकथेत नोंदवून ठेवला. सेवाग्रामची शाळा त्या अनुभवाच्या पुढची पायरी होती. स्वातंत्र्यानंतर नई तालीम सरकारी शाळांत गेली तेव्हा टकळी वेळापत्रकात आली, आमसभा बाहेर राहिली. सुताचे वजन करता येते. सभेचे करता येत नाही.

पुढे १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने गावोगावी ग्रामसभेतून समित्या झाल्या. असलेले तंटे मिटवायचे आणि नवे होऊ द्यायचे नाहीत, असे काम त्यांना मिळाले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. मग शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. परंतु छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काय करायचे, ते शिक्षकाला पुरेसे शिकवले नाही. गावात तडजोडीची नोंदवही, शाळेत रिकामे हात, असे झाले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात माओरींची कुटुंबासह बसून बोलण्याची रीत बालन्यायात आणली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९९४ पासून ती शाळेत वापरली गेली. आपल्याकडे गावची तडजोड आणि शाळेतली छडीबंदी ही दोन्ही टोके हाताशी असूनही गाठ बांधली गेली नाही.

प्रत्यक्षात हे कसे चालते? समजा, एकाने दुसऱ्याची प्रयोगवही फाडली. शिक्षक दोघांना समोरासमोर बसवतात. काय झाले, तेव्हा मनात काय होते, कोणाचे काय बिघडले, आता ते कसे दुरुस्त होईल, एवढेच विचारतात. फाडणारा आकृत्या पुन्हा काढून देतो, काय ठरले ते लिहिले जाते आणि आठवड्याने पाहिले जाते. यावर पहिला आक्षेप वेळेचा. तो खरा आहे. साठ मुले आणि एक शिक्षक असताना छडी झटपट वाटते. पण तेच भांडण परवा पुन्हा होते, तो वेळ आपण मोजत नाही. धाक गेला की शिस्त जाते, हा दुसरा आक्षेप. मला तर छडी खाऊन मोकळे होणे सोपे आणि ज्याचे नुकसान केले त्याच्या डोळ्यांत पाहून ते भरून देणे कठीण वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. गावच्या तडजोडीत दुबळ्याला गप्प बसवले जाते. जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकली, म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. त्यामुळे गावची रीत जशीच्या तशी उचलून शाळेत आणणे मला मान्य नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला नाही म्हणण्याची मुभा हवी. कोणाच्या जातीवरून छळ झाला असेल तर ते दोन मुलांमधले भांडण म्हणून मिटवता येत नाही. आणि लैंगिक अत्याचाराला तडजोडच नाही, तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा आणि पोलीस. तंटामुक्तीच्या मोहिमेनेही फौजदारी बाबतीत तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांपुरतीच मर्यादा आखली होती. तेवढी रेषा शाळेला नक्की आखता येईल. शिवाय त्यासाठी नवी समिती लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख हे त्यांचे कामच आहे. पोषण आहार आणि छपराच्या दुरुस्तीबरोबर मुलांमधल्या तंट्यांची वही या बैठकीपुढे ठेवता येईल. नावे झाकून, पण काय बिघडले आणि ते कसे दुरुस्त झाले हे लिहून.