पहिला दात आणि अंगावरचं दूध



या गटावर आपण राजवाडा, रामबाग, जुने वाडे, गणपतीतली नाटकं यांवर भरपूर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पुरुषाने यावर लिहावं का, असं काहींना वाटेल. पण त्र्याहत्तरीत मी एक गोष्ट शिकलो, ती सांगायलाच हवी.

गेल्या महिन्यात आमच्या नातीला खालचे दोन दात आले. घरात आनंदीआनंद. ‘खालचे आधी आले, मामा सुटला,’ असं विहीणबाईंनी फोनवरून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सूनबाई डोळे पुसत खोलीतून बाहेर आली. नात पिता पिता कडकडून चावली होती, छातीवर जखम झाली होती. ‘आई, आता बाटली सुरू करू का?’ ती म्हणाली. आमची सौ. तिला आत घेऊन गेली. अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या तेव्हा नात पोटभर पिऊन झोपली होती.

मला १९७९ साल आठवलं. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्यानंतर मी महिनाभर हाच विषय वाचत बसलो.

आपल्या जुन्या वैद्यकाने बाळाच्या दातांचा विचार पुष्कळ केला आहे. काश्यपसंहितेत ‘दंतजन्मिक’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. कोणत्या महिन्यात आलेले दात कसे निघतात हे त्यात सांगितलंय. आठव्या महिन्यातले उत्तम. मुलींचे दात लवकर आणि कमी त्रासाने येतात, हेही आहे. वाग्भट दात येण्याला बाळाच्या सगळ्या रोगांचं कारण म्हणतो. पण पुढे बजावतो की या दुखण्यांत बाळाला फार औषधपथ्यात जखडू नका, दात आले की ती आपोआप शमतात. दात आलेल्या बाळाला अंगावरून हळूहळू, क्रमाने सोडवा, असंही तो सांगतो आणि चारोळी, ज्येष्ठमध, लाह्या घातलेले लाडू सुचवतो. हा ‘क्रमाने’ शब्द लक्षात ठेवा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नेमका तोच गळून गेला.

घरातले उपाय तुम्हाला ठाऊकच आहेत. सहाणेवर हरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून गुटी. चावायला खारीक, ज्येष्ठमधाची कांडी, लाकडाची चोखणी. हिरड्यांना टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची. यातला टाकणखार बाळाच्या पोटात गेला तर घातक ठरतो, आणि वर्षाच्या आत मधही देऊ नये, असं आजचे डॉक्टर सांगतात. आमच्या आज्यांना हे माहीत नव्हतं, त्यांचा हेतू चांगलाच होता.

पण माळव्यात आणखी एक उपाय होता आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. तो म्हणजे अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनपर्यंत जात असे, आधी दमणवरून आणि पुढे मुंबईवरून. आपलं इंदूर त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, इंग्रजांचा अफूचा एजंट इथेच बसायचा. जी वस्तू गावात गाडीने येते ती घरातही येतेच. रडणाऱ्या बाळाला तिळाएवढी अफू चाटवायची चाल या भागात होती. मुंबईत तिच्या तयार ‘बाळागोळ्या’ विकत मिळायच्या. गिरणीत जाणारी बाई गोळी देऊन बाळाला झोपवायची आणि पाळीवर जायची. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे लहान मुलांना अफू देण्याबद्दल साक्षी झाल्या. पुढे १९३१ च्या कामगार आयोगाच्या अहवालातही कामगार बायकांच्या बाळांना अफू दिली जाते, याची नोंद झाली. त्या आईला दोष कसा देणार? तिला ना रजा होती, ना बाळ सांभाळायला कुणी.

साहेबाकडे तरी काय वेगळं होतं? युरोपात डॉक्टर बाळाच्या हिरड्यांना चीर देत. विलायतेत दात येण्याच्या वेळी द्यायच्या पावडरींत पाऱ्याचा क्षार असे. त्याने मुलांचे हातपाय लाल होऊन सोलायचे, मुलं वेदनेने तळमळायची. १९५४ च्या सुमारास त्या पावडरींतून पारा काढला आणि तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत दातांसाठी खपणाऱ्या एका प्रसिद्ध सिरपात मॉर्फीन होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चीर, पारा, अफू, टाकणखार, सगळे उपाय बाळाला गप्प करण्याचे आहेत. ज्या आईच्या अंगावर तो दात रुततो तिच्या दुखण्याबद्दल मला वाचायला मिळालेल्या पानांत एक ओळ नव्हती.

आता १९७९. आमचा मुलगा सात महिन्यांचा होता. दात आले, तो चावला, सौ.ला जखम झाली. आमची आत्या घरात सगळ्यांत मोठी, तिने निकाल दिला, ‘दात फुटले, आता अंगावरचं तोड.’ छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावला. बाळाने तोंड लावलं, तोंड वाकडं केलं, रात्रभर रडलं. मी बँकेतला माणूस, प्रश्न आला की पैसे टाकून सोडवायचा. दुसऱ्याच दिवशी दुधाच्या पावडरीचा मोठा डबा आणि दोन बाटल्या आणल्या. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. मला वाटलं, आपण कर्तव्य केलं.

आठ दिवसांत बाळाला जुलाब लागले. जूनचा महिना, नळाला दिवसाआड पाणी, बाटल्या कितपत उकळल्या जात होत्या देव जाणे. डोळे खोल गेले, टाळू खोल गेली. तीन दिवस सलाइनवर होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘अंगावरचं का तोडलंत?’ मी म्हणालो, ‘दात आले ना.’ त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून विसरलो नाही. मुलगा वाचला. सौ.चं दूध मात्र तोवर आटलं होतं, छातीत गाठी होऊन तिला ताप आला होता. त्याकडे आम्हा कुणाचं लक्षच नव्हतं.

१९९२ साली आपल्याकडे कायदा झाला आणि डब्यांवरची ती बाळांची चित्रं व जाहिराती बंद झाल्या. आमच्यासाठी तेरा वर्षं उशिरा.

परवा मी सौ.ला विचारलं, ‘सूनबाईला काय सांगितलंस?’ ती म्हणाली, दोन वर्षांनी धाकटीच्या वेळी आपल्याकडे कामाला येणाऱ्या माळवी बाईने तिला शिकवलं होतं. चावलं तर ओढून घ्यायचं नाही, ओढल्यानेच जखम होते. उलट बाळाला क्षणभर छातीशी जवळ घ्यायचं, श्वासासाठी ते आपणहून तोंड उघडतं. नाहीतर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवायची. बाळ मनापासून पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर असते, तेव्हा ते चावूच शकत नाही. चावतं ते पोट भरल्यावर, खेळताना नाहीतर पेंगताना. म्हणून घोट थांबले की काढून घ्यायचं. पाजण्याआधी गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं चघळायला द्यायचं. जखमेवर आपल्याच दुधाचे थेंब लावून वाळू द्यायचे. धाकटी दीड वर्षं अंगावर प्यायली.

नातीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. दोन गोष्टींची भर घातली. छाती लाल, गरम होऊन थंडीताप आला तर लगेच दाखवायचं, पण पाजणं थांबवायचं नाही, दूध साचलं तर त्रास वाढतो. आणि बाळाला जास्त ताप किंवा जुलाब असतील तर ‘दात येतायत’ म्हणून घरी बसायचं नाही. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करून अंगावरचं दोन वर्षं, त्याहून पुढेही चालतं. म्हणजे वाग्भटाचा ‘क्रमाने’ पुन्हा घरी आला.

मी सौ.ला म्हटलं, ‘हे तू मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस?’

ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘अहो, तुम्ही कधी विचारलंत?’

मंडळी, म्हणून हे लिहिलं. त्या माळवी बाईचं नाव आम्हा दोघांनाही आता आठवत नाही, याची खंत वाटते. तुमच्या घरी अशा वेळी काय करत असत? उत्तर पुरुषांनी देऊ नये. घरात आई, काकू, आत्या असतील तर त्यांना विचारा आणि त्या काय म्हणाल्या ते खाली लिहा.